बाथरूमची तोडफोड : तुमचेही अनुभव लिहा

ओसरी
काल आईकडच्या बाथरूमची फरशी फोडायला घेतली. पुण्यातली 1986 ची बिल्डिंग. वर क्रीम टाइल्स, त्याखाली पांढऱ्या सहा बाय सहाच्या, त्याखाली शहाबादी आणि कोपऱ्यात चक्क आमचा कडप्पा! कपडे धुवायचा. मला वाटत होतं तो कधीच काढून टाकला, तर तेव्हाच्या मिस्त्रीने कष्ट वाचवून त्याच्यावरच सिमेंट ओतलं होतं. आईच्या हाताने घासून घासून मधे पडलेला खळगा तसाच आहे. त्यात निळ्या साबणाचा लगदा साचायचा, मी तो बोटाने भिंतीला फासायचे आणि मार खायचे. शेजारी आजीची टाचा घासायची वजरी, पितळी घंगाळ, बाहेर बंब. पोरगा म्हणाला, "ताई, फोडू का?" मी म्हटलं थांब रे जरा.
आता मुद्दा. जागा सात बाय चार. लेकीला काळ्या मॅट टाइल्स आणि काचेचं पार्टिशन हवंय. नवऱ्याला भिंतीतला कमोड. आई 76 वर्षांची, गुडघे दुखतात, तिचा एकच प्रश्न आहे : "बादली कुठे ठेवायची?" त्याचं उत्तर इंटिरियरवाल्या मुलीकडेही नाही. तिच्या चित्रात बादलीच नाहीये. तुम्ही काय केलंत, काय चुकलं, लिहा.

सव्वाआठची लोकल
काळ्या टाइल्स घेऊ नकोस. घेऊ नकोस. घेऊ नकोस. आमच्याकडे बोअरचं पाणी. चौथ्या दिवशी पांढरे ओघळ. काचेवरही तेच. नवऱ्याने पंधरा दिवस आंघोळीनंतर वायपर मारला, आता म्हणतो टेक्स्चर छान आलंय.

टवाळ
वायपर मारणारा नवरा पंधरा दिवस टिकला हीच बातमी आहे.

पाणकोंबडा
साइटवर आयुष्य गेलं म्हणून लिहितो. टाइल्स शेवटी बघा. आधी वॉटरप्रूफिंग. ते झालं की ट्रॅपचं, म्हणजे पाणी जायच्या भोकाचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान 48 तास. आणि खालच्या घरात जाऊन छत स्वतः हाताने चाचपून बघायचं, "साहेब सगळं कोरडं आहे" हे मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं नाही. उतार मीटरला साधारण एक सेंटिमीटर, तोही ट्रॅपकडे. हे सांगावं लागतं! एका घरी उतार दाराकडे होता, बेडरूममधे सप्तगंगा. फरशी बसल्यावर मिस्त्रीसमोरच तांब्याभर पाणी ओता. कुठे डबकं राहतंय ते लगेच कळतं, मिस्त्रीचा चेहराही बघण्यासारखा होतो.
अवांतर : त्या ट्रॅपला प्लंबर लोक नहाणी ट्रॅप म्हणतात. इंजिनियरिंगच्या इंग्रजी पुस्तकातही तोच शब्द. आपली न्हाणी कुठवर पोचली बघा.

टवाळ
हिंदीवाले म्हणतील नहाना आमचं आहे.

पाणकोंबडा
म्हणू देत. तुंबल्यावर कोणीच आपलं म्हणत नाही.

झिपरी
कुकर लावलाय, भरभर लिहिते. सेलमधे कमोड घेतला, सुंदर, एकसंध. घरी आला तेव्हा कळलं की खालून पाइप जाणाऱ्या कमोडला भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं माप असतं. आमचं 9 इंच, कमोड 12 इंचवाला. टाकी भिंतीत घुसवायची का मग? दुकानदार परत घेईना. आठ दिवस तो हॉलमधे सोफ्याशेजारी होता. सासूबाईंच्या भिशीच्या बायका आल्या, त्यावर चादर टाकून कुंडी ठेवली. आणि आम्ही चौघं सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या काकूंकडे नंबर लावतोय. काकूंना एक पैठणी देणं लागते मी. शिट्टी झाली, पळते.

रानजाई
झिपरी 😂😂 कुंडीत काय होतं?

झिपरी
मनीप्लांट.

रानजाई
आम्ही न्यू जर्सीत. इथे टबाबाहेरच्या फरशीला ट्रॅपच नसतो आणि खाली लाकडी सांगाडा. हे आईला सांगायचं राहिलं. तिने पहिल्याच दिवशी बाथरूम "स्वच्छ धुऊन काढलं", दोन बादल्या पाणी आणि खराटा. खराटा कुठून आणला तो विषय वेगळा, बॅगेतून. संध्याकाळी खालच्या किचनच्या छताला डाग, हुबेहूब महाराष्ट्राच्या नकाशासारखा, कोकणपट्टीसकट. नूतनीकरण तिथून सुरू झालं. ओसरी, बादलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे आईंचा. मी इथे टबात बादली ठेवते, लोकांनी हसू दे.

कोकणकडा
आमची न्हाणी मागच्या पडवीला. चुलाणावर हंडा, नारळाची सोडणं आणि झावळ्या जाळायच्या, पाणी थेट अळवात नि माडाच्या मुळात. त्या अळूचं फदफदं खाल्लेल्यालाच चव माहीत. दादाने आता आतमधे टाइल्सचं बांधलं, शॉवर, गीझर सगळं. आजी अजून मागेच जाते. म्हणते, धूर लागल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. अळू मात्र गेलं.

सव्वाआठची लोकल
फदफद्यात चुका घालता का तुम्ही? की चिंच?

कोकणकडा
आमसूल हो. चिंच देशावर.

मुक्काम पोस्ट
हसण्यात भंग करतोय, पण ओसरीच्या आई 76 च्या म्हणून लिहितो. बाबा बाथरूममधे घसरले. दार आत उघडणारं, आणि ते दाराला टेकूनच पडलेले. आम्ही बाहेरून ढकलतोय आणि आतून त्यांचा आवाज, "ढकलू नका रे, पाय अडकलाय." वीस मिनिटं. शेवटी शेजाऱ्याने बिजागऱ्यांची बाजू फोडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता काठीने चालतात.
मग बाथरूम केलं ते असं. दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरूनही नाण्याने फिरवून उघडता येते. कमोडशेजारी आणि शॉवरखाली धरायचे दांडे, भिंतीत खोल रोवलेले. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही आणि म्हातारं माणूस नेमकी तीच धरतं. टाइल्स खरखरीत, दुकानातच नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी उभं राहून बघितलं. दुकानदार हसला, हसू दे. रात्रीसाठी एक बारीक दिवा. आणि बसून आंघोळीला स्टूल, त्यासमोर बादली. शोभा नंतर.

ओसरी
वाचून पोटात गोळा आला. बाबांना नमस्कार सांगा. दाराचं उद्याच सांगते सुताराला.

झिपरी
अगं बाई. वीस मिनिटं :(
गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर लावा, हेही लिहून ठेवते. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, वास येत नाही.

पाणकोंबडा
+1. आणि विजेचा गीझर असेल तर अर्थिंग नीट तपासा, 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. ज्याला विचारावं तो म्हणतो, "इतकी वर्षं काही झालं नाही."

पावशेर
आमच्या सोसायटीत काम 10 ते 5, मधे 1 ते 4 शांतता. म्हणजे फोडायला चार तास. दीड महिना चाललं. राडारोड्याच्या गोण्या लिफ्टमधून न्यायच्या नाहीत, चौथा मजला. मजूर दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत. मी आणि मेहुण्याने 40 गोण्या उतरवल्या. तेव्हापासून मेहुणा फोन उचलत नाही.

टवाळ
1 ते 4 म्हणजे शहराचं नाव लिहायची गरज नाही.

सव्वाआठची लोकल
वजरी कुठे मिळते हो हल्ली? ऑनलाइन बघितली तर प्लॅस्टिकची किसणी आली, टाच सोलली.

रानजाई
तुळशीबागेत मिळायची, मातीची भाजलेली. मलाही दोन हव्यात, कोणी येणार असेल तर.

ओसरी
अपडेट. कडप्पा उचलताना तीन तुकडे झाले. मला रडूच आलं. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, म्हणाली, "बरं झालं. कंबर गेली माझी त्याच्यापायी. तुम्हा चौघांची दप्तरंसुद्धा त्याच्यावरच धुतली." मग मी खळग्याचा तुकडा हळूच पिशवीत घातला तर म्हणते, "नेतेस तर ने, कपडेही ने."
ठरलं ते असं : काचेऐवजी फक्त अर्धी भिंत, टाइल्स राखाडी खरखरीत, लेकीला एका भिंतीला तिच्या आवडीच्या हिरव्या. कमोड साधा, फोडल्याशिवाय दुरुस्त होणारा. नळ खाली एक वेगळा, बादलीसाठी, उंचीचं माप आईने बादली ठेवून स्वतः दिलं. इंटिरियरवाल्या मुलीने नवीन चित्र पाठवलंय, त्यात लाल बादली काढलीये.
काल संध्याकाळपासून पाणी भरून ठेवलंय. पण खालचे काका गावाला गेलेत. छत कसं बघू?

पाणकोंबडा
किल्ली कोणाकडे आहे?

ओसरी
सेक्रेटरींकडे. ते झोपलेत. पावणेदोन वाजलेत ना.

टवाळ
4 नंतर या.

सव्वाआठची लोकल
वजरीचं कोणीतरी बघा पण.