म्हणे डर्बी पुण्याला हलवा!

फर्लाँग:
‘अडीच मिनिटांच्या एका शर्यतीसाठी मुंबईतल्या महालक्ष्मी रेसकोर्सची २११ एकर जागा कशाला? डर्बी पुण्याला न्या,’ ही पोस्ट वाचून राहवलं नाही. १८८३चा रेसकोर्स आहे तो. इंडियन डर्बी, म्हणजे चार वर्षांच्या घोड्यांची मानाची शर्यत, १९४३ची. पहिलीच डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुलनं, म्हणजे एका मादीनं मारली. जॉकी एडगर ब्रिट. डर्बी म्हणजे फेब्रुवारीतला एक सुटा रविवार नव्हे. डिसेंबरात १६०० मीटरच्या गिनीज शर्यती, जानेवारीत फक्त माद्यांची ओक्स, मग डर्बी. एकाच पिढीचे घोडे एकाच हिरवळीवर पारखले जातात. त्यातली एक शर्यत उचलून दुसरीकडे नेलीत की ती पारखच मोडली.

वरळीकर:
जमीन सरकारची आणि महापालिकेची. रेस क्लबचा भाडेकरार २०१३लाच संपला होता. २०२४मध्ये १२० एकर बागेसाठी सुटली, तरी ९१ एकर २०५३पर्यंत क्लबकडेच. अजून किती हवं? आणि २८०० मीटरची सेंट लेजर पुण्यात होते, मग २४०० मीटरची डर्बी का नाही?

फर्लाँग:
लांबीबद्दल कोण बोलतंय? मुद्दा गवताचा आहे. पावसाळ्यात पुणे आणि नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, अशी विभागणी उगाच नाही. खुरांनी उपटलेली ढेकळं दाबून बसवा, खड्डे भरा, पाणी मारा, तरी आतल्या कठड्यालगतची पट्टी झिजतेच. तिथं गवताला पुन्हा मूळ धरायला सलग काही महिने मोकळे लागतात. दुसऱ्या शहरात सीझन चालू असतो म्हणून ते मिळतात. डर्बीसोबत तिच्या आधीच्या शर्यतीही न्याव्या लागतील; मग पुण्याच्या ट्रॅकला विश्रांती कधी? सैल जमिनीवर खूर घसरतं, कडक जमिनीवर पायाचे टेंडन जातात.

स्टॉपवॉच:
झिजलेल्या पट्टीचा विषय निघालाच आहे तर फॉल्स रेलवर बोला, म्हणजे ती पट्टी वाचवायला बाहेर सरकवलेल्या तात्पुरत्या कठड्यावर! कठडा ५ मीटर बाहेर घेतला की पूर्ण फेरीत ३१ मीटर वाढतात. घोड्याची लांबी २.४ मीटर धरा: तेरा लेंग्थ! शर्यत सुटते ते गेट तेवढं पुढे घेतलं का, हे न बघता लोक वीस वर्षांच्या डर्ब्यांच्या वेळा शेजारी मांडतात आणि ‘हल्लीचे घोडे वेगवान’ म्हणून मोकळे होतात.

पॅडॉक:
गेट पुढे घेता येतं हो. पण घोडा कुठून पळाला ते कोण बघतं? कठड्यापासून दोन मीटर बाहेर राहून दोन्ही वळणं घेतली तर साडेबारा मीटर जास्त. म्हणजे पाच लेंग्थ! चार लेंग्थनी हरलेल्याला लगेच ‘स्टॅमिना नाही’ म्हणता?

स्टॉपवॉच:
मी रेलबद्दल बोलतोय, तुम्ही जॉकीच्या चुकीबद्दल. वेगळ्या गोष्टी आहेत.

पॅडॉक:
वेगळ्या कशा? वर्तुळाचं गणित तेच! ड्रॉमध्ये, म्हणजे चिठ्ठीत, गेटमधली बाहेरची जागा आली तर त्यात जॉकीची काय चूक?

वरळीकर:
तुमचे मीटर मोजून झाले असतील तर जागेवर या. गवताचं पटलं, नाइलाजानं. ट्रॅक राहू दे तिथेच. पण मधली बाग लोकांचीच, त्यावर माघार नाही.

फर्लाँग:
बागेला विरोध कुणाचाच नाही. विरोध आहे तो तिच्याखाली, जमिनीच्या पोटात आखलेल्या बांधकामाला. ती मूळची दलदलीची जमीन. पोटात काँक्रीट ओतलंत की पावसाचं मुरणारं पाणी अडणार आणि ट्रॅकच्या मुळाशी साचणार. आधी निचऱ्याचा स्वतंत्र नाला आखा आणि त्याचा नकाशा लोकांसमोर ठेवा. खोदाई त्यानंतर.