जैसलमेर: आईबाबांसोबत वाळवंटातल्या कॅम्पमध्ये मुक्काम, सम की खुरी?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईबाबांना घेऊन जैसलमेरला जायचं ठरतंय. किल्ला, हवेल्या, गडीसर तलाव यांची माहिती भरपूर मिळाली. घोडं अडलंय ते वाळवंटातल्या मुक्कामावर. बाबांना आकाशदर्शनाचं वेड, त्यांना वाळूवर आडवं पडून तारे बघायचेत. आईचे गुडघे दुखतात आणि तंबू म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "संडास कुठे?"

वाळूच्या टेकड्यांजवळची दोन गावं डोळ्यासमोर आहेत, सम आणि खुरी. एजंटाने पाठवलेली पॅकेजेस सगळी समची आणि एकाच साच्यातली: उंटाची फेरी, जीप सफारी, कालबेलिया नाच, जेवण, मग डीजे. आपल्या कॅम्पमध्ये नसला तरी शेजारच्याचा ऐकू येणारच ना! खुरी खरंच शांत असतं का? थंडी कितपत? की सरळ सूर्यास्त बघून शहरात परत यावं?

प्रतिसाद १
परत कशाला येता? रात्रीसाठीच तर जायचं. सम शहरापासून साधारण ४० किमी, तिथे कॅम्प एकमेकांना खेटून आहेत. खुरी नैर्ऋत्येला, थोडं लांब. टेकड्या समपेक्षा लहान, पण वर्दळ बरीच कमी. गावात घरगुती राहायची सोयही होते. आईंसाठी कापडी तंबूपेक्षा पक्क्या भिंतींची खोली घ्या. संडास खोलीला जोडून आहे का आणि तो कमोड आहे का, हे दोन्ही वेगवेगळं विचारा. 'अटॅच्ड'च्या नावाखाली काहीही खपवतात.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे माणूस एकदम पुढे फेकला जातो. बसताना पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही तेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि खोगीर घट्ट धरायचं. पण मुळात चढायला पाय बराच फाकवावा लागतो, म्हणून आईंना उंटगाडीच बरी.

प्रतिसाद २
बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडा! अमावस्येच्या आसपासच्या तारखा घ्या. चांदण्यात वाळू छान दिसते, पण तारे फिके पडतात. माघी पौर्णिमेच्या सुमारास तर मरु महोत्सवाची गर्दी असते. जानेवारीत संध्याकाळ सरताच कृत्तिका, रोहिणी, मृग आणि व्याध मस्त वर आलेले असतात, बाबांना मध्यरात्रीपर्यंत जागवायची गरज नाही.

थंडीचं म्हणाल तर दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा ८ अंशांच्या आसपास, कधी त्याहून खाली. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे वाळू भराभर निवते. नुसत्या सतरंजीवर झोपू नका, खाली गादी हवीच. कानटोपी, पायमोजे न्या. आणि कृपा करून कोळशाची शेगडी बंद तंबूत घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आईला उंटगाडी पटली, बाबा मात्र उंटावरच बसणार म्हणतात. खुरीच्या एका ठिकाणी फोन केला. डीजे आहे का विचारलं, तर म्हणाला, "नहीं है, लेकिन आप बोलो तो मंगवा देंगे." नको म्हणून दोनदा बजावलंय. खोली पक्की, कमोडही आहे. आता एकच: गाडी शहरातून रात्रभरासाठी थांबवून घ्यावी, की सकाळी कॅम्पवाल्यालाच सोडायला सांगावं?