उत्तर: उत्तर: बंदूक की संस्कृती?

मंडळी,

अमेरिकेतल्या खुनांना बंदूक जबाबदार की इथली संस्कृती, हा परवाचा विषय अर्धवट राहिला. स्वित्झर्लंडमध्ये किती घरांत रायफली आहेत, तरी खून क्वचित. इथे अमेरिकेत व्हर्माँट राज्यातही बंदुका भरपूर, खून कमी. आणि १९९१ ते २००० मध्ये अमेरिकेतलं खुनाचं प्रमाण लाखामागे ९.८ वरून ५.५ वर आलं, तेव्हा लोकांनी बंदुका काही मोडीत काढल्या नव्हत्या. मग दोष लोखंडाला का? घरात, गल्लीत पोरं काय बघत वाढतात ते बघा.

-----

> मग दोष लोखंडाला का?

काका, नव्वदच्या दशकाचं मान्य. स्वित्झर्लंडचं नाही. सैन्याने सैनिकांना घरी ठेवायला दिलेली काडतुसं त्यांनी २००७ नंतर परत घ्यायला सुरुवात केली. शिवाय जगभरच्या बंदुकांची मोजदाद करणाऱ्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेचा २०१७ चा अंदाज बघा: तिथे शंभर माणसांमागे २८च्या आसपास बंदुका, इथे १२०. ही तुलनाच होत नाही.

झिमरिंग आणि हॉकिन्स या गुन्हेगारीच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन शेजारी ठेवून पाहिलं. चोऱ्या-घरफोड्यांत लंडन काही मागे नव्हतं. पण चोरीच्या झटापटीत जीव जाण्याचं प्रमाण न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पट. त्याआधी साठच्या दशकात झिमरिंगनेच शिकागोतले हल्ले तपासले होते. सुऱ्यापेक्षा बंदुकीचा हल्ला साधारण पाचपट जीवघेणा. राग तोच, हत्यार वेगळं.

गेल्या महिन्यातलं सांगतो. पार्किंगमध्ये दोघांच्या गाड्या घासल्या. तोंडाला तोंड लागलं, एकाने दुसऱ्याची आई काढली. दुसरा काही न बोलता गाडीत वाकला आणि त्याने ग्लव्ह बॉक्स उघडला. आजूबाजूचे आम्ही सगळे गप्प. ट्रॉली ढकलणारी बाई होती तिथेच थांबली. दुसऱ्या देशात ग्लव्ह बॉक्सची कोणाला भीती वाटते हो?

तुमच्या बाजूचं एक मीच सांगतो: बंदुकीशिवाय होणारे खूनसुद्धा अमेरिकेत इंग्लंडपेक्षा जास्त आहेत. म्हणजे इथली भांडखोरी खरीच. पण म्हणून तर बंदूक जास्त महाग पडते.

-----

दोघांनाही: तुम्ही खुनावरच अडलात. २०२१ मध्ये इथे गोळी लागून ४८,८३० जण गेले, त्यात २६,३२८ आत्महत्या. त्यात ना चोर ना गुंड. बंदूक हाताशी असली की मन बदलायला वेळच उरत नाही. घरात असेल तर निदान कुलपात ठेवा, आणि किल्ली पोरांना ठाऊक असलेल्या जागी नको.

-----

ताई, हे पटलं. आमच्याकडे एक आहे, तिला आजच कुलूप आणतो. बाकी माझं मत तेच आहे, भेटल्यावर भांडू.

पण त्या ग्लव्ह बॉक्समधून निघालं काय?

-----

इन्शुरन्सचा कागद, काका. मी तोवर शेजारच्या गाडीच्या चाकाआड बसलो होतो.