मदत हवी आहे: हॅलोविनच्या कुकीज ओव्हनमध्ये पसरतायत, शनिवारी पार्टी!

निशिगंध
नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. शनिवारी आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये हॅलोविन पार्टी आहे आणि कुकीजचं मी कबूल केलंय. भुतं, वटवाघळं आणि मांजर असे कटर आणलेत. कणीक छान होते, आकारही नीट कापले जातात पण ओव्हनमधून बाहेर काढल्या की सगळं पसरून एकसारखं होतं, वटवाघळाचे पंख कुठे आणि मांजरीचे कान कुठे काही कळत नाही. ओव्हन ३५० लाच आहे. वर काळं आयसिंग करायचंय तर ते राखाडी होतंय. कृपया लवकर सांगा, उद्या रात्री परत करून बघणार आहे.

ओव्हनवाला
रेसिपी काय वापरली? बटर किती, मैदा किती, अंडं आहे का, बेकिंग पावडर आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार. आणि ३५० म्हणजे फॅरनहाइट ना, अमेरिकेत आहात असं धरतो.

निशिगंध
हो न्यू जर्सी. रेसिपी नेहमीचीच शुगर कुकीची, दोन स्टिक बटर, एक कप साखर, अडीच कप मैदा, एक चमचा बेकिंग पावडर. अंड्याऐवजी थोडं दूध घालते.

चकलीवाली
अगं अंड्याऐवजी का? अंडं घाल की, त्याने बाइंडिंग येतं.

निशिगंध
अंडं नाही चालणार, पार्टीत गुजराती जैन कुटुंबं पण आहेत, आणि दोन घरं तर अंड्याच्या भांड्यातलंही खात नाहीत.

आजीचा_बटवा
मग सरळ नानकटाई करा ना! मैदा, पिठीसाखर, साजूक तूप, वेलची, झालं. आमच्याकडे दिवाळीला बेकरीत पत्र्याचे ट्रे घेऊन जायचो भाजायला. मुलांना आवडते, अंड्याचा प्रश्नच नाही. वर दोन मनुका लावा, डोळे तयार.

ओव्हनवाला
नानकटाई उत्तम पदार्थ आहे पण इथे उपयोगाची नाही. ती पसरून वर तडे जाणं हेच तिचं रूप आहे. अमेरिकेतल्या बटरमध्ये कमीत कमी ८० टक्के फॅट असतं आणि बाकी बरंचसं पाणी, तूप म्हणजे जवळजवळ नुसतं फॅट, त्यामुळे ते लवकर वितळून आणखी पसरतं. कटरचे टोकदार आकार तुपात राहणं अवघड.

आजीचा_बटवा
मी कित्येक वर्षं चांदणीच्या साच्याने करते, मस्त राहतात. थोडा रवा घालायचा आणि तूप थिजलेलं घ्यायचं, पातळ नाही.

ओव्हनवाला
चांदणी जाड असते ताई, वटवाघळाचे पंख बारीक. निशिगंध, अजून तीन गोष्टी सांगा. बटर मऊ घेता की वितळवून, मैदा वजनाने मोजता की कपाने, आणि ट्रे किती आहेत?

निशिगंध
बटर मायक्रोवेव्हमध्ये वितळवते कारण ऑफिसमधून आल्यावर मऊ व्हायची वाट बघायला वेळ नसतो. कपाने मोजते. ट्रे एकच आहे, एक बॅच निघाली की लगेच त्यावर दुसरी ठेवते. ते काळ्या रंगाचं पण सांगा ना कुणीतरी.

ओव्हनवाला
सापडलं. वितळलेलं बटर, त्यात बेकिंग पावडर, वर गरम ट्रे, म्हणजे आकार पक्का व्हायच्या आत बटर वाहून जातं. असं करा, दोन स्टिक म्हणजे २२७ ग्रॅम बटर, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ. पिठीसाखर १२० ग्रॅम, मैदा ३४० ग्रॅम, चिमूटभर मीठ, व्हॅनिला, दोन मोठे चमचे दूध. बेकिंग पावडर अजिबात नाही. आणि मैदा वजनाने घ्या, कप डब्यात खुपसून भरला तर १५० ग्रॅम पण जातो आणि चमच्याने हलका भरला तर १२० च्या आसपास, त्यामुळे दर वेळी वेगळी कुकी होते. कणीक मळल्या मळल्या दोन बटर पेपरमध्ये पाव इंच जाड लाटून घ्या आणि तशीच सपाट फ्रिजमध्ये ठेवा, गोळा करून ठेवलीत तर दगड होईल आणि लाटताना परत गरम होईल. कापून झाल्यावर आकार पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग थेट ओव्हन. दहा ते बारा मिनिटं, कडा जेमतेम सोनेरी दिसल्या की काढा. तीन इंची कटर असेल तर साधारण दोन डझन होतील. दोन बॅचच्या मधल्या वेळात ट्रे गार पाण्याखाली धरा नाहीतर दुसरा आणा.

मांडवीकाठी
बटर पेपर म्हणून तिकडे वॅक्स पेपर आणू नकोस गो, त्याचं मेण ओव्हनात वितळतं. पार्चमेंट लिहिलेलाच घे.
बाकी आमच्या गोव्यात २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डेला सेमेटरीत जाऊन थडगी साफ करतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात. सगळं घर जातं, तिथे भीतीबिती काही नसते. मला ते हॅलोविनपेक्षा जवळचं वाटतं.

सदाशिव_पेठी
तेच म्हणतो. आपल्याकडे सर्वपित्री अमावास्या आहे, पितरांना पान वाढतो, कावळ्याला घास देतो. सांगाड्यांचा आणि रक्ताचा खेळ करून मुलांना काय शिकवायचं?

चकलीवाली
काका, ज्या गावात राहतो तिथल्या शेजाऱ्यांबरोबर मुलं दारोदार फिरतात, ओळखी होतात, यात वाईट काय? हा सणही १ नोव्हेंबरच्या ऑल सेंट्स डेच्या आदल्या रात्रीचा, मूळ आयर्लंडकडचं, तिथे आधी सलगम कोरायचे, भोपळा अमेरिकेत आल्यावर आला. आपण पितृपक्ष पण करतो आणि हे पण करतो. यावर वेगळा धागा काढा हवं तर, इथे तिला कुकीज करायच्यात.

सदाशिव_पेठी
मत मांडलं, राग नसावा. कुकीजना शुभेच्छा.

निशिगंध
धन्यवाद ओव्हनवाला, उद्या असंच करते. काळा रंग??

चकलीवाली
पांढऱ्या आयसिंगला काळं करायला जाऊ नकोस, बाटलीभर रंग जातो, कडू लागतं आणि मुलांचे दात काळे होतात. आधी कोको घालून आयसिंग चॉकलेटी कर आणि मग त्यात काळा जेल कलर, थोडाच लागतो. पातळ लिक्विड कलर नको, आयसिंग सैल होतं. आणि रात्री करून झाकून ठेव, सकाळपर्यंत रंग आपोआप गडद होतो. करताना गडद राखाडी दिसलं तरी थांब, अजून रंग ओतू नकोस.

ओव्हनवाला
मी तर वटवाघळांना आयसिंगच करत नाही. कणकेतल्या ३४० पैकी ४० ग्रॅम मैदा काढून तेवढा ब्लॅक कोको (जवळजवळ काळी कोको पावडर) घाला, कुकीच काळी होते. फक्त त्यात फॅट कमी असतं, कणीक कोरडी वाटली तर चमचाभर दूध. काळ्या कुकीच्या कडा सोनेरी झालेल्या कळत नाहीत तेव्हा घड्याळ लावा.

शेंगदाणा_नको
आयसिंगसाठी मेरिंग पावडर घेणार असाल तर थांबा, त्यात वाळवलेलं अंड्याचं पांढरं असतं. जैन लोक येणारेत म्हणालात म्हणून सांगतेय. मार्शमेलोची भुतं पण नकोत, त्यात सहसा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात. कँडी कॉर्न (मक्याच्या दाण्यांसारख्या गोळ्या) आणि ते साखरेचे डोळे मिळतात त्यांचं पाकीट वाचा, जिलेटिन असू शकतं आणि वर चकाकीसाठी लाखेचा (कीटकांपासून मिळणाऱ्या) थर असू शकतो. दोन कप पिठीसाखर, दोन-तीन चमचे दूध आणि एक चमचा कॉर्न सिरप असं साधं आयसिंग करा, रात्रभर उघडं ठेवलं की वरून सुकतं. डब्यात भरताना मात्र थरांमध्ये कागद घाला, अंड्याच्या पांढऱ्याचं रॉयल आयसिंग असतं तितकं ते कडक होत नाही.

आणि नट्सचं काय? कुणाला ॲलर्जी आहे का विचारलंत का?

निशिगंध
हो एका मुलाला बदामाची आणि काजूची आहे. पण कुकीत नट्स नाहीतच. फक्त चेटकिणीची बोटं करायचीत त्याला नख म्हणून बदाम लावणार होते, ते वेगळ्या ताटलीत ठेवीन.

शेंगदाणा_नको
कृपया वेगळ्या ताटलीवर भागवू नका. माझ्या मुलालाही ॲलर्जी आहे म्हणून कळकळीने सांगतेय. मुलं एका ताटलीतला हात दुसरीत घालतात, आणि तुम्ही बदाम हाताळून त्याच पोळपाटावर दुसऱ्या कुकीज लाटणार. नखाला सोललेली भोपळ्याची बी लावा, हिरवट असते, चेटकिणीला जास्त शोभते. त्या बियांच्या पाकिटावर पण नट्सबरोबर पॅक केल्याची सूचना आहे का बघा, ती लिहिणं सक्तीचं नाही त्यामुळे शंका आली तर कंपनीला विचारा. तीळ लावणार असाल तर तेही सांगा सगळ्यांना, १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळही मुख्य ॲलर्जीच्या यादीत आलेत. ताटलीपुढे घटकांची चिठ्ठी ठेवलीत तर त्या मुलाच्या आईला प्रत्येक वेळी येऊन विचारावं लागणार नाही. आम्हाला ते फार जड जातं.

निशिगंध
बदाम रद्द. चिठ्ठी ठेवते.

रसायनी
नट्स चालत नसतील तर सूर्यफुलाच्या बियांचं बटर घालून कुकीज करा, त्यात बेकिंग सोडा घातला की गार झाल्यावर आतून हिरव्या होतात! बियांतलं क्लोरोजेनिक ॲसिड आणि सोडा यांची क्रिया होते, खायला काहीही अपाय नाही. एरवी लोक हे टाळायला सोडा कमी करतात, हॅलोविनला मुद्दाम जास्त घालायचा.

ओव्हनवाला
सोडा आला की परत पसरणार. कटरच्या आकारांना नको.

रसायनी
गोल करा की, राक्षसाचे डोळे! प्रत्येक गोष्टीला कटर कशाला लागतो.

घारगे_प्रेमी
लाल भोपळ्याचे घारगे का नाही करत? भोपळ्याचाच सण आहे. भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक आणि चमचाभर तांदळाचं पीठ, थापून तळायचे. फक्त कोरायचे मोठे केशरी भोपळे घेऊ नका, ते पाणचट आणि दोरेदार असतात, लहान शुगर पंपकिन घ्या. आमच्या इथे डॅलसमध्ये अमेरिकन शेजारी मागून नेतात.

चकलीवाली
घारगे भारी लागतात पण तिने विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय. पाककृतीच्या विभागात टाका ना सविस्तर, मलाही हवीय.

निशिगंध
अपडेट. ओव्हनवाल्यांच्या मापाने केल्या, वजनाने, फ्रीझरमध्ये ठेवून. भुतं अगदी तशीच्या तशी राहिली, कडा सरळ! मांजरीचे कानही टिकले. ब्लॅक कोकोची वटवाघळं झाली पण एक-दोघांचे पंख ट्रेवरून उचलताना तुटले. शुक्रवारी रात्री बोटं करणार. एकूण साठेक लागतील.

ओव्हनवाला
साठ हे आधी सांगायला हवं होतं, मग मापाच्या अडीचपट घ्या. पंखांसाठी, कुकीज ट्रेवरच पाच-सात मिनिटं राहू द्या, गरम असताना हात लावू नका, बिनअंड्याच्या कुकी गरम असताना ठिसूळ असतात. बोटं पण लाटून नका करू, हाताने वळा आणि तुम्हाला हवीत त्याहून बारीक वळा, थोडी फुगतातच. सांध्यावर सुरीने रेघा आणि बी दाबून लावा, मग फ्रीझर.

शेंगदाणा_नको
आणि काळ्या कुकीज वेगळ्या डब्यात, कोकोची भुकटी पांढऱ्या भुतांना लागते.