व्हिनेगर, शिरका आणि आंबलेली माडी

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): लोणच्याच्या कृतीत मी 'शिरका' लिहिलं, तर मुंबईच्या भाचीला शब्दच कळला नाही. 'व्हिनेगर' लिहू का? आणि शिरका तरी मराठी आहे का?

उत्तर: ताई, शिरका खुशाल लिहा. मूळ फारसी 'सिरका', पण मराठीत पार मुरलेला. सिपाहीचा शिपाई झाला, सिक्क्याचा शिक्का झाला. 'सि'चा 'शि' करायची आपल्या जिभेला सवयच आहे. भाचीसाठी पुढे एकदा 'व्हिनेगर' लिहा, म्हणजे तिलाही शब्द मिळेल.

व्हिनेगर इंग्रजीत आला तो फ्रेंचातून. त्यातला 'व्हँ' म्हणजे वाइन आणि 'एग्र' म्हणजे आंबट. पोर्तुगीजांचं 'विनाग्र' त्याच घराण्यातलं. गोव्याच्या कोंकणीत त्याचंच विनागर झालं. विंदालू या गोव्याच्या आंबट-तिखट कालवणाच्या नावातही हीच वाइन आहे, आणि त्यातला 'आलू' म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेतला लसूण. बटाट्याचा काही संबंध नाही. बटाटे घातलेला विंदालू समोर आला की मला खरंच वाईट वाटतं.

गंमत पुढेच आहे. गोव्यात पिढ्यानपिढ्या जे विनागर वापरतात, ते माडीचं. नाव द्राक्षाचं, वस्तू नारळाची! माडाच्या पोयीतून, म्हणजे फुलोऱ्यातून, उतरते ती ताजी, गोड नीरा. ती आंबली की साखरेचा मद्यार्क होतो, ती माडी. हवेत तशीच राहिली की जिवाणू त्या मद्यार्काचं असेटिक आम्ल करतात. बाजारच्या बाटलीत हे आम्ल साधारण 5 ते 8 टक्के असतं, बाकी बहुतेक पाणीच.

आता आपल्याकडे बघा. 'माडी आंबली' असं म्हणताना सूर नुकसानीचा असतो: गेली, आता पिण्यासारखी राहिली नाही. फ्रेंचांचा शब्दही तेवढंच सांगतो, वाइन आंबट झाली. त्यांनी त्या बिघडण्यालाच वस्तूचं नाव दिलं. आपण 'आंबणे' हे क्रियापद ठेवलं, त्यातून आंबील काढली, आंबोळी काढली, पण आंबलेल्या माडीला वेगळं नाव देण्याची गरज पडली नसावी, असं माझं मत. माशाच्या कालवणाला आमसूल होतं, चिंच होती, कैरीच्या दिवसांत कैरी होती.

प्रश्न (रत्नागिरी): मग संस्कृतात काहीच नाही का?

उत्तर: आहे ना. आंबवलेल्या आंबट द्रवाला आयुर्वेदात 'शुक्त' म्हणतात, आणि 'चुक्र' हाही शब्द शिरक्यासाठी आहे. शुक्त पोथीतच राहिलं. चुक्र मात्र आपल्याकडे आलं, वाटेत अर्थ बदलून: त्याचाच झाला चुका. बाजारात आंबटचुक्याची जुडी घेतो ना, तोच.