प्रतिसाद : नुसतं चालून काय होतं?

"वर्गणी भरून गुलाबी टीशर्टात चालल्याने कॅन्सर बरा होतो का?" स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी निघणाऱ्या वॉकबद्दल हा प्रश्न वर कुणीतरी विचारलाय. बरा होत नाही. पण आमच्या घरात त्या चालण्याने तोंडं उघडली.

आईला गाठ लागली होती, दुखत नव्हती म्हणून पाच महिने ती गप्प राहिली. स्तनातली गाठ बहुधा दुखत नाहीच, तिथंच बायका फसतात. उपचारांनंतरच्या ऑक्टोबरात आम्ही सगळे त्या वॉकसाठी नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाजवळून पहाटे निघालो: आई, ताई, मी, आणि बाबासुद्धा. गंगापूर रोडला आई दमली, दुकानाच्या पायरीवर टेकली. शेजारी बसलेल्या मावशींना तिने स्वतःहून सगळं सांगितलं. 'स्तन' हा शब्द बाबांसमोर तिने पहिल्यांदाच उच्चारला असेल.

शिवाय जमलेले पैसे तपासणी शिबिराला गेले, हे मला फार मोलाचं वाटतं. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासलं, तरी पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रेचं) यंत्र नसलेल्या आमच्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाणा तालुक्यांतही हे करता येईल.

यंदा मावशींनाही सोबत नेतोय.