सातवीला आकडेवारी शिकवायला काय घेऊ? (बजेट २,००० रुपये)

खडूवाली: पालिकेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते. पोरं स्तंभालेख सुबक काढतात, पण त्यातून काय कळलं विचारलं की सगळी गप्प. आकडे त्यांच्या रोजच्या जगण्यातले हवेत. वर्गात कोळीवाड्यातली आहेत, मराठवाड्यातली आहेत, उत्तर प्रदेशातून आलेलीही आहेत. घरची माहिती प्रत्येकाला सांगता यावी. खर्च माझ्याच खिशातून, तेव्हा २,००० च्या वर नको.

पवईकर: आमच्या सोसायटीने १८,००० चं रोबोटिक्स किट घेतलं. सेन्सर, ॲप, सगळं आहे. डोळे झाकून घ्या.

निवृत्त_मास्तर: अहो, २,००० म्हटलंय त्यांनी! पर्जन्यमापक करा. सरळ बाजूंची बाटली घ्या, मान कापून उलटी बसवा. तळाचा वाकडा भाग खडे नि पाण्याने भरा, तिथे शून्य. रोज सकाळी साडेआठला मोजा, वेधशाळाही तेव्हाच मोजते. मग २६ जुलै २००५ काढा: २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला जेमतेम ७३. 'मुंबईत किती पडला?' एवढंच विचारा नि गंमत बघा.

कलिनावाला: त्या रात्री आम्ही छातीभर पाण्यातून घरी आलो. कुलाबेकरांना काय कळणार!

दर्यावर्दी: कोळीवाड्यातल्या पोरांना भरतीची वेळ विचारा. आमची आजी तिथीच्या आकड्याची पाऊणकी (पाऊणपट) करते: चतुर्थी म्हणजे चारचे पाऊणपट तीन, भरती ३ वाजता. शेजारी छापील वेळापत्रक ठेवा, महिनाभर फरक मिनिटांत लिहा. आजीचा हिशोब कुठे जुळतो, कुठे घसरतो, पोरंच सांगतील.

तर्कट: विज्ञानाच्या तासाला तिथ्या? उद्या पत्रिका आणाल.

दर्यावर्दी: तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर, साहेब. भरती काय पत्रिका बघून येते?

दोनमुलांचीआई: बाटलीचा पर्जन्यमापक करता येतो, सोपा आहे. वर कोणी लिहिलं असेल तर क्षमस्व.

चाळकरी: आम्ही केला होता. गच्चीवर ठेवला, चौथ्या दिवशी शिपायाने भंगारात दिला. वर्गाचा आलेख तीन काड्यांचा.

खडूवाली: सर्वांचे आभार. पण पाऊस जूनशिवाय नाही, आणि भरतीचं अर्ध्या वर्गाला घरी विचारता येणार नाही. मी नळ घेतेय. पाणी किती वाजता आलं नि एक हंडा भरायला किती सेकंद लागले, पंधरा दिवस लिहायचं. खर्च फक्त आलेखाच्या कागदांचा.

निवृत्त_मास्तर: पर्जन्यमापकच बरा होता. असो. हंडे सारखे नसतात, सगळ्यांना एकाच मापाची लिटरची बाटली द्या. आणि आलेखावर नावं नकोत, कोणाच्या घरी पाणी येत नाही ते वर्गभर होईल.

पवईकर: आमचं किट पडूनच आहे. ६,००० ला देतो, हवं का?

तर्कट: ज्यांच्याकडे नळच नाही त्यांचं काय, शून्य लिहिणार?

खडूवाली: शून्य नाही. 'टँकर' म्हणून वेगळा रकाना. सोमवारी पहिला वाद त्यावरच घालायचाय.